चार बुचं आणि एक उरलेली रिंग

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जे गॅरेज आहे, त्याच्या मालकाला सगळे ‘एकदाबघतो’ म्हणतात. आईबापांनी ठेवलेलं एक चांगलं नाव त्याला आहे, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. गाडी दुरुस्त होऊन, पुसूनबिसून दाराशी उभी राहिली, गिऱ्हाइकाने किल्लीसाठी हात पुढे केला, की हा गृहस्थ किल्ली मुठीत धरतो, मान जराशी वाकडी करतो आणि म्हणतो, “थांबा, एकदा बघतो.” मग बॉनेट पुन्हा वर. गिऱ्हाईक घड्याळाकडे बघतं, आभाळाकडे बघतं, शेवटी माझ्याकडे बघतं. कारण मी तिथे असतोच. मोडीत गेलेल्या एका गाडीची मागची सीट त्याने भिंतीला लावून ठेवली आहे आणि पेन्शन सुरू झाल्यापासून माझा मुक्काम त्या सीटवर. गल्लीतल्या निम्म्या बातम्या तिथे येतात आणि उरलेल्या निम्म्या मी तिथे तयार करतो, असं त्याच्या बायकोचं म्हणणं आहे. बाई खोटं बोलत नाही.

ही खोड गॅरेजपुरती असती तर ठीक होतं. घराला कुलूप लावलं की हा ते ओढून बघतो, जिना उतरतो, पुन्हा चढतो, पुन्हा ओढतो. बायकोच्या मते कुलूप चोर कधी तोडणारच नाही, ते याच्या ओढण्यानेच एक दिवस हातात येणार. मुलगी झाली तेव्हाची गोष्ट तर ती पाहुण्याला चहाच्या आधी ऐकवते. नर्सने बाळ हातात दिलं. याने हाताची बोटं मोजली, बाळ परत दिलं, दारापर्यंत गेला, आणि तिथून वळून म्हणाला, “सिस्टर, एकदा बघतो.” पायाची राहिली होती.

सगळे हसतात. मुलगी मात्र मोठी होत गेली तशी या गोष्टीला हसेनाशी झाली. शाळेच्या सहलीला सोडायला आलेल्या बापाने बसच्या ड्रायव्हरला खाली उतरवून टायर बघायला लावले होते. ज्यांच्या बापांनी असलं काही केलंय, त्यांना तिचं दुःख कळेल.

मुलगी लग्न होऊन घाटापलीकडे गेली. सासर चांगलं. नवरा कामानिमित्त महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी, सासरा वारलेला, आणि घरात सासू. ती रोपांची वाडी चालवते. विहीणबाई कमी बोलतात. मी त्यांना एकदोनदा भेटलोय. त्या नजर रोखून बघतात तेव्हा मला आपल्या शर्टाचं बटण उघडं असल्यासारखं वाटतं. त्यांच्या वाडीतली रोपं सरळ वाढतात ती सूर्याच्या ओढीने नाही, त्यांच्या धाकाने वाढतात, हे मी गल्लीत पसरवलेलं वाक्य. ते त्यांच्यापर्यंत पोचलं आहे, असंही मला कळलंय.

तर त्यांच्याकडे एक गाडी होती. लांबलचक, मागे सामानाला जागा असलेली, सासऱ्याने हौसेने घेतलेली. तो गेल्यावरही त्या तिच्यातूनच रोपं पोचवायच्या. एक दिवस ती जागची हलेना. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सांगितलं की इंजिन ठणठणीत आहे, मेंदू गेलाय. इंजेक्टरना कधी आणि किती पेट्रोल उडवायचं ते सांगणारा इलेक्ट्रॉनिक डबा जळला होता, आणि तसला डबा आता कुठेच मिळत नव्हता. भंगारात काढा, असं वर्कशॉपवाले म्हणाले. जावईही तेच म्हणाला. विहीणबाई मात्र गाडीवर ताडपत्री टाकून आल्या. आणि ती ताडपत्री बघून आमची पोरगी सासूपुढे म्हणून बसली, की माझे बाबा करतील ही चालू.

असं बोलणं सोपं असतं. निभवायला लागतं ते दुसऱ्याला.

गाडी ट्रकवर बांधून गॅरेजात आली. एकदाबघतोने दोन दिवस ती नुसती बघितली. मग माळ्यावरून मेणकापडात गुंडाळलेली कार्बोरेटरची जोडी काढली. जुन्या गाड्यांत पेट्रोल आणि हवा कालवायचं काम हे कार्बोरेटर करायचे, त्यांना मेंदूबिंदू लागत नाही. तो म्हणाला, इंजेक्टर काढू, हे बसवू. विहीणबाईंना फोनवर विचारलं. त्यांनी एकच अट घातली: कापाकापी नको. उद्या कुठे तो डबा मिळालाच, तर गाडी ‘ह्यांनी’ ठेवली होती तशी परत करता आली पाहिजे.

आता गंमत अशी, की कार्बोरेटर बसवणं हे काम मोठं दिसतं, पण जीव खातं ते दुसरंच. इंजेक्टर काढले की हवेच्या नळ्यांवर त्यांच्या जागी चार भोकं उरतात, अंगठा जाईल एवढी. ती बुजवायची. ऐकायला किती किरकोळ. गॅरेजात येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला त्यावर उपाय माहीत होता. वेल्डिंगवाला म्हणाला, चार टाके मारतो, चहा गार व्हायच्या आत. चहावाला म्हणाला, बाटलीची बुचं ठोका. मी रंगारी भरतात ती लांबी भरायला सुचवलं, कारण काहीतरी सुचवणं हे माझं काम आहे.

त्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मला समजावलं. इंजिन म्हणजे सतत श्वास ओढणारं जनावर. तोंडाने ओढलेली हवा कार्बोरेटरमधून येते, पेट्रोल घेऊन येते. भलत्या भोकातून ओढली की नुसतीच हवा. मग इंजिन ठसकतं, उगाच धावतं, आणि पाय उचलला की गपकन बंद पडतं. ते एक वेळ चालेल. पण ब्रेकवर पाय ठेवल्यावर आपल्या जोराला हातभार लावणारा एक गोल डबा असतो, तो याच ओढीवर जगतो. ओढ गेली की ब्रेक दगड होतो. सपाटीवर माणूस शिवी देऊन गाडी बाजूला घेतो. घाट उतरताना शिवी द्यायलाही वेळ मिळत नाही.

हे त्याने जसं सांगितलं, तसं मी ऐकलं, आणि त्या दिवसापासून ती चार भोकं मलाही चार डोळ्यांसारखी दिसायला लागली.

लेथवाल्याकडून अॅल्युमिनियमची चार बुचं करून आणली. प्रत्येक बुचाच्या कंबरेला एक खाच, खाचेत रबराची रिंग, म्हणजे हवा कडेने शिरणार नाही. वरून एक पोलादी पट्टी, पूर्वी इंजेक्टर जिने दाबून धरलेले असत तशी, दोन बोल्टांनी आवळलेली. कापाकापी नाही, टाका नाही. उद्या पट्टी सोडली की बुचं चिमटीने वर. काम इतकं देखणं झालं की मी त्याला म्हटलं, हे कशाला इंजिनात घालतोस, बायकोच्या कानात घाल. तो हसला नाही. काम चालू असताना तो हसत नाही, त्याचं हसणं दुसऱ्या दिवशी येतं.

त्याची एक रीत आहे. गाडी तयार झाली की थंड इंजिनावर एकदा सगळं तपासायचं. मग गाडी चांगली तापेपर्यंत फिरवून आणायची. मग गरम इंजिनावर पुन्हा बघायचं. ते जे ‘एकदा बघतो’ आहे ना, ते खरं म्हणजे दुसऱ्यांदा असतं. रबर थंडीत सज्जन असतं, तापलं की त्याचं खरं रूप कळतं, असं तो म्हणतो. माणसांबद्दल मीही हेच म्हणत आलोय.

मुलगी आदल्या दिवशीच माहेरी आली होती. विहीणबाई सकाळी बसने येणार आणि दोघी गाडी घेऊन घाटापलीकडे परत जाणार, असं ठरलं होतं. त्या यायच्या आत पोरीने बापाला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्या सीटपासून चार हातांवर, आणि माझे कान अजून शाबूत आहेत.

“बाबा, एक सांगू? आईंसमोर ते ‘एकदा बघतो’ म्हणू नका.”

“का गं?”

“त्यांना वाटेल तुमचाच तुमच्या कामावर भरवसा नाही. मी एवढं बोलून बसलेय घरी. किल्ली द्या आणि नुसतं हसा.”

बापाने मान डोलावली. तो गाडीखाली शिरला. मुलीने आयुष्यात पहिल्यांदा बापाच्या खोडीला नाव ठेवून तोंडावर सांगितलं होतं, आणि ते त्याला लागलं की नाही, हे मला गाडीखालून बाहेर डोकावणाऱ्या त्याच्या पायांवरून ओळखता आलं नाही.

विहीणबाई ठरल्यापेक्षा लवकर आल्या. गाडी थंड असतानाची तपासणी झाली होती. प्रत्येक बुचाभोवती क्लीनरचा फवारा मारून, तो आत ओढला जाऊन आवाज बदलतो का ते कान लावून ऐकून झालं होतं. आवाज कुठे बदलला नाही. फिरवून आणायची तेवढी राहिली होती. विहीणबाई गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या, हाताने दार थोपटलं, आणि हात पुढे केला. एकदाबघतोच्या मुठीत किल्ली. मान वाकडी होऊ लागली. मी बघत होतो, बायको पायरीवरून बघत होती, मुलगी तर श्वास रोखून बघत होती. मान अर्ध्यातून सरळ झाली. त्याने किल्ली दिली आणि हसला. इतकं वाईट हसू मी फक्त पासपोर्टच्या फोटोत बघितलंय.

विहीणबाईंनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं. काहीतरी विचारणार असं वाटलं. विचारलं नाही. मुलगी स्टिअरिंगवर बसली, त्या शेजारी, आणि गाडी फाटकातून गेली. आवाज असा गोड, की पलीकडचा वेल्डिंगवालासुद्धा चष्मा वर करून बघत राहिला.

मग तो आवरायला लागला. हत्यारं पुसून भिंतीवर, चिंध्या डब्यात. बाकावर रबरी रिंगांचं पाकीट पडलं होतं, ते त्याने उचललं. पाकीट चारचं. रिकामं पाकीट दुमडताना हाताला जसं लागावं तसं ते लागलं नाही. त्याने ते तळहातावर उलटं केलं. एक रिंग पडली. काळी, चकचकीत, कोरी.

तो खाली वाकला आणि बाकाखालचा पत्र्याचा डबा ओढला. जुनी रिंग निघाली की तो ती तिथल्या तिथे कात्रीने कापून त्या डब्यात टाकतो, म्हणजे नव्यात मिसळायला नको. डब्यात कापलेल्या रिंगा तीन होत्या. त्याने डबा फरशीवर ओतला, तुकडे बोटाने वेगळे केले, पुन्हा बघितलं. तीनच.

“लेथवर माप घ्यायला एक जुनी नेली होती,” तो म्हणाला. माझ्याकडे बघून नाही, फरशीकडे बघून. “खाच बरोबर होतेय का बघायला बुचावर चढवली होती. ती उतरवली नाही.”

मी म्हटलं, पण तपासलंस की, फवारा मारून. तो म्हणाला, थंडीत. ती रिंग कित्येक वर्षं त्या उष्णतेत भाजलेली आहे, कडक झालेली आहे. ग्रीस लावलं होतं म्हणून थंड असताना धरून राहिली. घाट चढताना बॉनेटखाली भट्टी पेटेल, ग्रीस वितळेल. चढताना काही कळणारही नाही, कारण चढावर पाय दाबलेलाच असतो, तेव्हा तिथे ओढ कमी. खिंड ओलांडून उतार लागला, पाय उचलला, की सगळी ओढ त्या भोकावर.

हे बोलताना त्याचा आवाज हळू हळू बारीक होत गेला.

त्याच्या बायकोने फोन हातात दिला. त्याने मुलीला लावला. मुलगी गाडी चालवत होती म्हणून फोन विहीणबाईंनी उचलला. हे त्याने धरलंच नव्हतं. मी शेजारी उभा होतो, दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. तिकडून त्या म्हणाल्या, बोला. आणि इकडे या माणसाने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. समजून घ्या. सांगायचं काय? की तुमच्या सुनेने छातीठोकपणे ज्याचं नाव घेतलं, तोच तुमच्या गाडीत जुनं रबर विसरलाय? तेही तिच्याच शेजारी बसलेल्या सासूला, तिच्या कानावर पडेल असं?

“गाडी कशी चालतेय?” त्याने विचारलं.

“चांगली चालतेय. का हो?”

“काही नाही. सहजच.”

फोन ठेवला. बायको त्याच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात त्या माणसाने सहज म्हणून काही केल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने एवढंच विचारलं, की पोरगी मोठी की तोंड मोठं. त्याने लगेच पुन्हा नंबर फिरवला. तोवर गाडी घाटाला लागली असावी. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा. बाहेर. पुन्हा.

गॅरेजात धड चालणारं वाहन त्या वेळी एकच होतं, माझी स्कूटर. धड हा शब्द मी मालक म्हणून वापरतोय. त्याने कोरी रिंग शर्टाच्या खिशात घातली, खिशावर हात मारून बघितला, दोन पाने आणि चिमटा घेतला, पुन्हा खिशावर हात मारला. मी पुढे, तो मागे. निघताना बायकोने सांगितलं की हळू जा. तेवढ्यात त्यानेही सांगितलं की जोरात घ्या. मी दोघांचं ऐकलं, म्हणजे स्कूटरला जेवढं झेपत होतं तेवढंच केलं.

घाट सुरू झाला. एरवी हा माणूस मागे बसला की मला गिअर कधी बदलायचा, ब्रेक कुठे मारायचा, वळणावर आतून घ्या की बाहेरून, सगळं सांगतो. त्या दिवशी एक अक्षर नाही. फक्त माझ्या पाठीला त्याची मूठ लागत होती, खिशावर धरलेली. पहिल्या मोठ्या वळणावर रस्त्यात तेलाचा डाग होता. त्याने खांद्यावर थाप मारून मला थांबवलं, उतरला, बोट बुडवून वास घेतला. डिझेल. ट्रकचं. पुन्हा बसला.

पुढे एक ट्रक आडवा आला, म्हणजे सरळच चालला होता, पण आम्हाला आडवा. भरलेला, हत्तीच्या चालीने. वळणामागून वळण, ओव्हरटेक करायला जागा नाही. ट्रकच्या धुरात मी खोकत होतो आणि मागून एकदाबघतो पहिल्यांदा बोलला. त्याने विचारलं, खिंड अजून किती. मी म्हटलं, आली. आली नव्हती. अशा वेळी खोटं बोलायला मला लाज वाटत नाही.

मग एका वळणावर दरीच्या बाजूला गर्दी दिसली. चारपाच माणसं कठड्यावरून खाली वाकून बघत होती. कडेला एक लांब गाडी उभी, त्याच रंगाची. माझ्या पाठीवरची मूठ सुटली. मी काही बोलायच्या आत तो चालत्या स्कूटरवरून उतरला होता, म्हणजे निम्मा पडला, निम्मा उतरला, आणि धावत कठड्यापाशी गेला. तिथल्या माणसांनी त्याला सांगितलं की एका मुलाची टोपी उडाली, ती झुडपात अडकलीये, काठीने निघते का बघतोय. गाडी दुसरीच होती. त्याने त्या माणसांचे आभार मानले. कशाबद्दल, ते त्यांना कळलं नाही. मला कळलं. परत येऊन बसला तेव्हा त्याचा गुडघा फुटलेला होता आणि त्याला ते माहीत नव्हतं.

खिंडीच्या माथ्यावर थोडी सपाटी आहे. तिथे एक चहाची टपरी आहे आणि उतार लागण्याआधी ट्रकवाले तिथे थांबून चाकांना हात लावून बघतात. तिथवर आम्ही पोचलो तेव्हा स्कूटरचा आवाज म्हाताऱ्या माणसाने जिना चढल्यासारखा झाला होता. आणि समोर, टपरीच्या शेजारी, ती गाडी उभी होती. बॉनेट बंद. बाकावर दोघी बसलेल्या. विहीणबाईंपुढे चहाचे चार ग्लास.

चार. दोघींना चार ग्लास कशाला, असं आधी मनात आलं, आणि मग कळलं की उरलेले दोन आमचे.

मुलगी उभी राहिली. बापाचा फुटलेला गुडघा, माझ्या तोंडावरचा ट्रकचा धूर, तिला काय समजायचं ते समजलं नसावं. तिने विचारलं, “बाबा, तुम्ही? आई अचानक म्हणाल्या गाडी थांबव. मी म्हटलं काही झालं नाहीये. म्हणाल्या, चहा प्यायचाय.”

एकदाबघतोने तिच्याकडे बघितलं नाही. तो विहीणबाईंसमोर जाऊन उभा राहिला. त्याने खिशातून रिंग काढली आणि तळहातावर ठेवली.

“ही आत बसायला हवी होती. हिच्या जागी एक जुनी बसलीये. चारांपैकी कुठल्यात, ते माहीत नाही. फोनवर सांगायला हवं होतं. सांगवलं नाही.”

विहीणबाईंनी रिंगेकडे बघितलं. मग बाकावर सरकून जागा केली.

“चहा घ्या आधी. इंजिन गरम आहे, हात भाजेल.”

त्याने चहा घेतला, पण बसला नाही. आम्ही चौघं चहा पीत होतो आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मी, म्हणजे मीसुद्धा. गाडीच्या बॉनेटमधून टक टक असा निवणाऱ्या लोखंडाचा आवाज येत होता. मुलीचा ग्लास हातातच राहिला होता.

मग त्याने बॉनेट उघडलं. पट्टीचे बोल्ट सोडले, पट्टी बाजूला काढून मुलीच्या हातात दिली. चिमट्याने पहिलं बूच उचललं. रिंग कोरी. पुसलं, परत बसवलं. दुसरं. कोरी. माझ्या मनात आलं की दुकानदाराने चुकून पाकिटात पाच घातल्या असतील, आणि मी ते बोलणारही होतो. तिसरं बूच वर आलं. रिंग मळकट, राखाडी. त्याने तिला अंगठ्याने नुसतं दाबलं. ती बिस्किटासारखी तुटली आणि तिचे दोन तुकडे त्याच्या तळहातावर पडले.

 विहीणबाई उठून जवळ आल्या. एक तुकडा त्यांनी उचलला, नखाने मोडून बघितला.

“उतारावर काय झालं असतं?”

तो गोड बोलू शकला असता. मी असतो तर बोललो असतो.

“पाय उचलला की इंजिन बंद पडलं असतं. ब्रेक जड झाला असता.”

“आणि?”

“आणि मग हिच्या पायात किती जोर आहे, त्यावर.”

मुलीच्या हातातली पट्टी खाली आली. तिने ती टपरीच्या बाकावर ठेवली, नीट, जणू ती काचेची होती. मग ती सासूकडे वळली आणि म्हणाली, की यात बाबांची चूक नाही. तेच शेवटी बघणार होते. मी त्यांना बघू दिलं नाही. तुमच्यासमोर बघू नका म्हणून मीच सांगितलं होतं.

विहीणबाई तुकडा बोटांत फिरवत होत्या.

“लग्न ठरायच्या आधी तुझे बाबा आमच्याकडे आले होते,” त्या म्हणाल्या. त्या बोलत होत्या सुनेशी, बघत होत्या तुकड्याकडे. “निघताना आमच्या फाटकाची कडी यांनी लावली, रस्त्यापर्यंत गेले, परत आले आणि कडी पुन्हा ओढून बघितली. तेव्हाच मी घरात सांगितलं होतं की मुलगी याच घरची करायची. आज सकाळी यांनी किल्ली दिली आणि हसले. मला गॅरेजच्या फाटकातच बरं वाटेना. तरी म्हटलं, असेल. मग फोन आला, सहजच. मग मात्र म्हटलं, थांबव गाडी.”

एकदाबघतो बुचाची खाच पुसत होता. कापडाचं टोक तो त्या खाचेतून फिरवत राहिला, खाच स्वच्छ झाल्यावरही बराच वेळ.

कोरी रिंग बसली. चौथं बूचही काढून बघितलं, ते ठीक होतं. पट्टी लागली, बोल्ट आवळले. इंजिन सुरू केलं. तो स्वतः गाडी घेऊन माथ्यावरच्या सपाटीवर येरझाऱ्या घालत राहिला, तापेपर्यंत. मध्येच उताराचं एक वळण खाली जाऊन परत आला. ती गाडी दिसेनाशी झाली तेवढ्या वेळात मुलीने माझा दंड धरला होता, आणि पोरीच्या बोटांत बराच जोर आहे, एवढं मी सांगू शकतो. परत आल्यावर बॉनेट वर, कान लावून आवाज, एकेका बुचावर बोट. फवारा तेवढा गॅरेजात राहिला होता. टपरीवाल्याने तांब्याभर पाणी दिलं, त्याचे थेंब कडांवर सोडून बघितले. एकही थेंब आत ओढला गेला नाही.

त्याने बॉनेट लावलं. हात पुसले. किल्ली विहीणबाईंपुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही.

मुलगी म्हणाली, “बाबा, एकदा बघा.”

त्याने मान वाकडी केली, बॉनेट उघडलं आणि बघितलं.

दोघी निघाल्या. कठड्यापाशी उभं राहिलं की खालचे सगळे फेरे दिसतात, एकाखाली एक. पहिल्या वळणावर मागचे लाल दिवे लागले, गाडी मंदावली, वळली. दुसऱ्यावर लागले. तो ओठ हलवत होता. मी त्याला म्हटलं, चल आता, झालं की. तो म्हणाला, खालचं एक वळण झाडामागे आहे, तिथून बाहेर येऊ दे. आम्ही थांबलो. गाडी झाडामागे गेली आणि काही वेळ रस्त्यावर काहीच नव्हतं. माझ्या चहाचा ग्लास टपरीवाला येऊन घेऊन गेला. मग झाडाच्या पलीकडून लाल दिवे बाहेर आले, विझले, आणि गाडी सपाटीला लागली.

त्याने एक लांब श्वास सोडला आणि खाली बसला, तिथेच, कठड्याला टेकून. तेव्हा त्याला गुडघा दिसला. हे कधी झालं, म्हणून त्याने मला विचारलं.

परतीला मी स्कूटरला किक मारली. ती सुरू झाली नाही. दुसऱ्यांदा मारली. नाहीच. तो उठला, लंगडत आला, बाजूला उभा राहिला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.  शेवटी मला लाज सोडून विचारावं लागलं, बाबा रे, एकदा बघतोस का?

हसू मात्र त्याला दुसऱ्या दिवशीच आलं, नेहमीसारखं. पाना हातात, तोंड एका गाडीच्या बॉनेटमध्ये, आणि मध्येच पाठ हलायला लागली.